माणशी किती पडते

एखादे घर दरिद्री का राहिले, असे नागपुरात कोणा सुस्थित गृहस्थास विचारले, तर त्याच्या तोंडून निघणारे पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते : खाणारी तोंडे फार. हे उत्तर जुने आहे, सोयीचे आहे आणि देणाऱ्याची एका दमात सुटका करणारे आहे. कारण ते एकदा दिले म्हणजे मजुरीच्या दराविषयी, बंद पडलेल्या गिरणीविषयी, किंवा घरातल्या कर्त्या माणसाला महिन्यातून किती दिवस काम मिळते याविषयी काही विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाच्या ज्या चौकशा झाल्या, सरकारी दप्तरांनी कुटुंबाची आणि मिळकतीची जी मापे वेळोवेळी ठरविली, आणि या शहराच्या कष्टकरी पेठांत प्रत्यक्ष जे घडले, ते शेजारी शेजारी मांडून पाहिले असता हे उत्तर निखालस खोटे ठरत नाही; पण त्याने उलगडा होतो तो फार थोड्या गोष्टींचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

इंग्लंडातील यॉर्क शहरी १८९९ साली सीबोम राउंट्री याने घरोघर फिरून जी पाहणी करविली, ती या विषयाच्या अभ्यासकांस आजही टाळून जाता येत नाही. सर्व मिळकत काटकसरीने खर्च केली तरी निव्वळ शरीर टिकविण्यापुरतेही ज्यांना पुरत नव्हते, अशा लोकांच्या दारिद्र्याची कारणे त्याने वर्गवारीने मांडली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक लोकांच्या घरी मिळवता माणूस नियमित कामावर असूनही मजुरीच अपुरी होती. मुलांची संख्या हे मुख्य कारण ठरलेल्यांचे प्रमाण शेकडा बावीसच्या आसपास भरले, आणि उरलेल्यांत मिळवत्या माणसाचा मृत्यू हे सर्वांत मोठे कारण होते. याहून मोलाची गोष्ट त्याने पुढे दाखविली. मजुराच्या हयातीत तंगीचा काळ तीनदा येतो : एकदा तो स्वतः लहान असताना, दुसऱ्यांदा त्याची मुले लहान असताना, आणि तिसऱ्यांदा हातपाय थकल्यावर. म्हणजे आज ज्या घरी पाच पोरे चुलीभोवती बसलेली दिसतात तेच घर दहा वर्षांनी, त्यांतली तीन कामाला लागल्यावर, त्याच वस्तीत बऱ्या स्थितीत गणले जाऊ शकते. तोंडे तितकीच असतात, हात वाढलेले असतात. रशियन शेतकऱ्यांच्या संदर्भात अलेक्झांडर चायानोव्ह याने १९२० च्या दशकात खाणारे आणि राबणारे यांच्या प्रमाणाचे जे गणित मांडले, तेही याच जातीचे होते.

आपल्याकडची पहिली मोठी चौकशी मुंबईची. सरकारी मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले, आणि १९२३ साली त्याचा अहवाल फिंडले शिराझ यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. सरासरी कुटुंबाची दरमहा मिळकत बावन्न रुपयांच्या वर थोडी होती, आणि धान्याचा जो खप निघाला तो मुंबई इलाख्याच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्याहून कमी भरला. ही तुलना पुढे अनेकांनी उद्धृत केली. परंतु त्याच अहवालातील दुसऱ्या एका आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही : मुंबईत एकत्र राहणाऱ्या त्या कुटुंबात माणसे सरासरी ४.२ होती. नवरा, बायको, दोन मुले! पन्नास वर्षांनी सरकारने भिंती रंगवून ज्या आटोपशीर कुटुंबाचे चित्र लोकांपुढे ठेवले, तेच कुटुंब १९२१ साली मुंबईच्या चाळीत आधीच राहत होते, आणि कैद्याहून कमी जेवत होते. गावी राहिलेल्या आईबापांना आणि भावंडांना मनिऑर्डर जात असे, हे खरे. पण तो खर्च धरूनही लहान कुटुंब आणि पोटभर अन्न यांचा संबंध जितका सरळ सांगितला जातो तितका तो नाही, हे या एका आकड्यावरून पुरेसे स्पष्ट होते. मध्यप्रांत सरकारनेही १९२६-२७ मध्ये नागपूर व जबलपूर येथील कामगारांचे असेच जमाखर्च गोळा करविले होते. पुढे १९३१ साली मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने हिंदुस्थानातील बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोनतृतीयांशाहून कमी नाहीत इतकी कुटुंबे कर्जात असल्याचे नमूद केले.

नागपूरची गोष्ट एम्प्रेस मिलपासून सुरू करावी लागते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, ही गिरणी सुरू केली, आणि पुढे मॉडेल मिल उभी राहिली. हातमागावर पोट असलेले कोष्टी आणि मोमीन, तसेच गावगाड्यात बलुत्यावर ताटकळणारे महार यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी दरमहा ठरावीक रोख रक्कम येण्याचा प्रसंग या गिरण्यांमुळे प्रथमच आला. भोंग्यावर चालणाऱ्या त्या आयुष्यात हाल पुष्कळ होते. पण पगाराची तारीख ठरलेली असल्यामुळे किराणा दुकानदार वही उघडत असे, आणि ज्याच्या नावाची वही उघडली जाते त्याचे दारिद्र्य आणि रोजच्या रोज नाक्यावर उभे राहणाऱ्याचे दारिद्र्य या दोहोंत फार अंतर असते.

ज्यांच्या वाट्याला गिरणी आली नाही त्यांच्यासाठी, विशेषतः बायकांसाठी, विडी होती. कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांची संघटना बांधली ती याच लोकांची. विडीचे काम ज्याने जवळून पाहिले आहे त्याला मुलांच्या संख्येविषयीचे पुस्तकी सिद्धान्त जरा जपूनच वापरावेसे वाटतील. आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पाने सकाळी काढायची, पत्र्याचे माप वर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू आणि कापलेली पाने घेऊन एकेक विडी वळायची, धागा बांधायचा, टोक मुडपायचे आणि पंचवीस पंचवीसचे कट्टे करायचे. मजुरी हजारावर, ठेकेदार त्यातून खराब म्हणून काही बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. पाने कापणारी आठ वर्षांची मुलगी, टोके मुडपणारा तिचा भाऊ, कट्टे बांधणारी आजी, आणि वहीवर नाव मात्र एकट्या आईचे. हजार विड्या हे एका बाईचे दिवसाचे काम म्हणून कागदावर धरले जाते, आणि प्रत्यक्षात ते चार जोड्या हातांचे असते. अशा घरी मूल हे खाणारे तोंड म्हणून किती वर्षे राहते? १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्याने विडी वळणे मुलांना निषिद्ध कामांत घातले खरे, पण घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्यातून सूट दिली. आणि विडी तर घरीच वळली जाते. महमूद ममदानी यांनी १९७२ साली पंजाबातील मानुपूर या गावाविषयी लिहिलेल्या पुस्तकात हेच सांगितले आहे की गरीब माणूस मुले अज्ञानाने वाढवीत नाही. त्याच्या हिशेबात ती लागतात म्हणून वाढवितो. तो हिशेब आईच्या शरीरावर आणि थोरल्या मुलीच्या शाळेवर चालतो, एवढी पुस्ती त्याला जोडली पाहिजे.

ही पुस्ती जोडणारी माणसे आपल्याकडे लवकर झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यांचा आग्रह देशाची लोकसंख्या घटावी यापेक्षा स्त्रीला आपल्या शरीरावर हक्क असावा याविषयी अधिक होता. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. आणि २० जुलै १९४२ रोजी खुद्द नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत, हजारो कष्टकरी बायकांसमोर आंबेडकरांनी लग्नाची घाई करू नका आणि फार मुले होऊ देणे हा गुन्हा समजा, असे बजावले. त्याच परिषदेने गिरणीतील बायकांच्या रजेचे आणि सवलतींचे ठरावही केले, हे विसरले जाते. मुले कमी हवीत, आणि त्याच दमात मजुरी व रजा हवी, अशी ती दुहेरी मागणी होती. पुढच्या राज्यकर्त्यांनी तिच्यातला पहिला भाग उचलला.

त्या पहिल्या भागाचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम, १९६० च्या दशकात महाराष्ट्रात पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रियांची शिबिरे, त्या कार्यक्रमाचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण, आणि आणीबाणीत तीन मुलांनंतर सक्तीने शस्त्रक्रिया करण्याचे महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलेले १९७६ चे विधेयक, ज्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. सक्तीचे भूत त्यानंतर सौम्य वेषात वावरू लागले : २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरे मूल झालेला इसम ग्रामपंचायतीस किंवा महापालिकेस उभा राहू शकत नाही, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीची दारेही त्याला बंद केली. विशेष हे की शिबिरांच्या काळात पुरुषावर असलेला भार बायकांवर कधी सरकला ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, तर पुरुषांचे प्रमाण शेकडा एकही भरले नाही.

आता प्रत्यक्ष फळ पाहावे. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये २.९ होते, २००५-०६ मध्ये २.१ झाले, आणि २०१९-२१ मध्ये १.७ वर आले. मुली शिकल्या, मुले जगू लागली, शस्त्रक्रिया दवाखान्याच्या अंतरात आली. कारणे अनेक आहेत. सर्व भारताचा हिशेब घेतला तर अतिदरिद्री पंचमांशातील स्त्रीला सरासरी २.६ आणि सर्वांत संपन्न पंचमांशातील स्त्रीला १.६ मुले होतात, म्हणजे दोघींत फरक अवघ्या एका मुलाचा उरला आहे. नागपुरातली सुखवस्तू धरमपेठ आणि कष्टकऱ्यांची तांडापेठ यांच्यात जे अंतर आहे त्याचा उलगडा एका मुलाने होईल असे कोणी म्हणणार असेल, तर त्याने ते धाडस खुशाल करावे.

नागपुरात तर हा प्रयोग जणू नियतीनेच करून दाखविला. मुलांची संख्या उतरणीला लागली त्याच काळात गिरण्यांची घरघर सुरू झाली. एम्प्रेस मिल १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. मॉडेल मिलही राहिली नाही. ज्या घरी बापाच्या पगारावर सात माणसे जेवत होती त्या घरी मुलाच्या कमाईवर चार माणसे जेवू लागली. पण बापाचा पगार दरमहाचा होता, त्यातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता, आणि मुलगा ऑटो चालवतो, बांधकामावर जातो किंवा ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर पहारा करतो. माणशी हिशेब केला तर स्थिती सुधारली, असे कागद सांगतो. किराणा दुकानदाराची वही मात्र मुलासाठी उघडत नाही. कुटुंब लहान झाल्याने घराला लाभ झाला नाही असे नव्हे; तो झाला नसता तर हाल विचारूच नयेत असे झाले असते. पण त्या लाभाचा बहुतांश भाग मिळकतीच्या अनिश्चिततेने गिळला.

सरकारच्या मोजण्याच्या पद्धतीत जो घोटाळा आहे, त्याकडे सविस्तर पाहणे अवश्य आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक ग्रंथात १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात दरमहा माणशी पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान मर्यादा धरली होती. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या शहरी भागात ती दरमहा माणशी ११२६ रुपये निघाली. म्हणजे अर्थशास्त्रज्ञ माणशी मोजतात. तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला मात्र कुटुंबाच्या नावे निघतो, आणि घरात माणसे किती हे विचारून भागाकार करण्याची तसदी त्यात कोणी घेत नाही. निराधार योजनेची एकवीस हजारांची वार्षिक मर्यादा घ्या, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची किंवा लाडक्या बहिणीची अडीच लाखांची घ्या. तिघांच्या घराला आणि नऊ जणांच्या घराला माप एकच.

रेशनचे उदाहरण तर बोलके आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९,००० रुपयांची वार्षिक मर्यादा ठेवली. समजा, तांडापेठेत दोन घरे आहेत. एकात तीन माणसे आणि मिळकत ५८,००० रुपये, दुसऱ्यात सात माणसे आणि मिळकत ६०,०००. पहिल्या घरी दरमहा माणशी सोळाशेच्या वर पडतात, दुसऱ्या घरी सातशे चौदा. तेंडुलकरांच्या रेषेने पहिले घर वर आणि दुसरे खोल खाली. शिधापत्रिकेच्या नियमाने पहिले आत आणि दुसरे बाहेर. आत आल्यावर धान्य मात्र माणशी पाच किलो मिळते. अंत्योदयात याहून विलक्षण प्रकार आहे : तेथे कार्डामागे पस्तीस किलो ठरलेले, त्यामुळे एकट्या विधवेला पस्तीस आणि आठ जणांच्या घरालाही पस्तीस; त्या आठ जणांना माणशी साडेचार किलोही पडत नाही, म्हणजे दरिद्र्यांतही अतिदरिद्री म्हणून निवडलेल्या घराला त्याच्यावरच्या पायरीवरील घराहून कमी. मग एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ कागदोपत्री विभक्त होतात, आणि पुरवठा खात्याच्या दप्तरात एका कार्डाची दोन होतात. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. मला तो त्या कचेरीने न केलेला भागाकार वाटतो.

माणशी भागाकार केला म्हणजे सर्व निवळते असेही नाही. दिवा एक, भाडे एक, चूल एक. सात माणसांना सातपट खर्च लागत नाही. अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्येच दाखविले की घर जितके गरीब तितका मिळकतीचा मोठा हिस्सा अन्नात जातो, आणि अन्न वाटून घेतल्याने वाढत नाही. म्हणून एकत्र राहण्याचा हा फायदा श्रीमंताला अधिक, गरिबाला कमी. हा फायदा किती धरावा यावर मोठी कुटुंबे अधिक गरीब ठरतात की नाही हे अवलंबून राहते, असे लांझू आणि राव्हालियन यांनी १९९५ साली पाकिस्तानातील आकडे घेऊन दाखविले. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकातही गमतीची विसंगती आहे. घरातले एक माणूस कुपोषित असले की सारे घर त्या बाबतीत वंचित, त्यामुळे मोठे घर येथे सहज सापडते. उलट शाळेच्या बाबतीत एकाने सहा वर्षे पुरी केली की सारे घर सुटले, त्यामुळे मोठे घर तेथे सहज निसटते.

किमान वेतनासाठीही कुटुंबाचे एक माप धरले जाते; ते १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरविले. एका मिळवत्या माणसामागे तीन खाणारी ‘एकके’ : पुरुषाचे एक, बायकोचे ०.८, आणि दोन मुलांचे प्रत्येकी ०.६. वर्षाला बहात्तर वार कापड, थोडे भाडे, आणि इंधनादिकांसाठी वीस टक्के. सर्वोच्च न्यायालयाने राप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के घालण्यास सांगितले. बायकोचे पोट नवऱ्याहून पाचव्या हिश्शाने लहान असते हा शोध कोणी लावला ते असो, पण या कोष्टकात आईबाप कोठेही नाहीत, ही त्याची मोठी उणीव आहे. १९५७ साली तीन-चार भावांत ते वाटले जात, म्हणून हे फारसे जाणवले नसावे. आता भाऊ एक किंवा दोन, त्यांतला एक कामासाठी पुण्यास. आणि २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील साठीच्या वरच्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या जवळ पोचले होते, ते वाढतच जाणार. गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन २०१४ पासून किमान हजार रुपये आहे, आणि पुष्कळांच्या हाती त्याच्या आसपासच पडते. मुलांचा आकडा कोष्टकाशी जुळला तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या टोकाला दोन तोंडे वाढली, आणि त्यांच्यासाठी कोष्टकात रकाना अजून काढलेला नाही.